दमदार एंट्री

"एंट्री दमदार पाहिजे," असं लेखक म्हणायचा, खिशातला कंगवा काढून केस मागे फिरवायचा, आणि मगच वॉर्डाचं दार ढकलायचा. आत कोण, तर ज्यांच्यावरचा इलाज संपला अशी माणसं. कुणाला उठवत नाही, कुणाला गिळवत नाही. त्यांच्यापुढे ह्याची दमदार एंट्री. मी तिथे आया होते. चादर बदलता बदलता म्हणायची, "या लेखक, पडदा वर गेलाच आहे."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, नाटकं होतात, त्यांतली काही ह्यानं लिहिलेली. प्रत्येकात तिसऱ्या अंकात कुणीतरी मरायचं, आणि मरण्याआधी इतकं बोलायचं की लोक चहा पिऊन परत यायचे तरी ते जिवंतच.

कुडवा गावाच्या पुढे आमचा तो धर्मादाय दवाखाना. तिथल्या डॉक्टरीणबाईंना वाटलं, रोग्यांनी आणि आम्ही काम करणाऱ्यांनीही मनातलं लिहावं, जीव हलका होतो. त्यांचं काही चुकलं नव्हतं. तंबाखूचा खर्रा खाऊन तोंड गेलेले रोगी आमच्याकडे फार. बोलता येत नव्हतं, पाटी हीच त्यांची जीभ. पण शिकवायला बोलावलं कुणाला, तर ह्याला.

सिस्टरनं एकदा लिहिलं, "आज मला एकाही खाटेजवळ जावंसं वाटलं नाही." एवढंच लिहिलं आणि खिडकीकडे बघत बसली. ह्यानं वाचून मान हलवली. "छान आहे. पण संघर्ष कुठाय? खलनायक कोण?"

"तुम्हीच होऊन जा न," सिस्टर म्हणाली. त्याला वाटलं विनोद केला. पोट धरून हसला.

मग आमगावकडचा एक म्हातारा आला. जबडा गेलेला. बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावरून, मोठ्या भावाशी भांडण झालेलं, कितीतरी वर्षं दोघं बोलत नव्हते. आता त्याला मरण्याआधी भाऊ बघायचा होता, दुसरं काही नको होतं. त्यानं पाटीवर लिहिलं, "दादा, एक डाव येऊन जाजो."

लेखकानं ते वाचलं आणि त्याला राहवलं नाही. "फारच कोरडं झालं," म्हणाला. घरून पानभर लिहून आणलं: हे बंधुराज, मृत्यूच्या उंबरठ्यावरून हा अभागी अनुज तुम्हांस साद घालतो आहे. म्हाताऱ्याच्या बायकोला वाचता येत नव्हतं. तिनं पदराला बांधून नेलं.

परत आली ती एकटीच, थोरल्या दिराशिवाय. खाटेशी उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "भासरे नाही आले. म्हनत, मायबापानं दिलेल्या जिभेनं ह्यानं मले कधी बंधुराज म्हटलं नाही. मरता मरता माही थट्टा करून राहिला."

म्हाताऱ्यानं भिंतीकडे तोंड केलं. पाटी दिली तर घेतली नाही.

त्या दिवशी लेखकाला मी दारातच अडवला. "तुमच्या नाटकात मेलेला माणूस पडदा पडला की उठून पोहे खातो. हा उठणार नाही." त्यानं कंगवा काढला, तसाच खिशात ठेवला आणि स्कूटरला किक मारून गेला. मला वाटलं, पळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटरच्या मागच्या सीटवर मोठा भाऊ. आत आला, खाटेवर बसला, धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला. "काऊन रे, खर्रा सोड म्हनलो होतो न." म्हाताऱ्यानं पाटी मागितली. लिहिलं, "जेवला का?"

व्हरांड्यात मी त्या भावाला विचारलं, लेखकानं तुम्हाला काय सांगितलं म्हणून.

"काईच नाही. आंगनात येऊन बसला. पानी देल्लं, पेला. कायले आला म्हटलं, त मान खाली. मंडईत आयकलं आहे न मी ह्याले, थांबतच नाही. अन् असा मानूस गप्प बसून राहिला. मंग मले भेव वाटलं. म्हटलं, चाला."

सुधारला असेल म्हणता? कुठला. म्हातारा गेल्यावर पुढच्याच मंडईत ह्याचं नवं नाटक, दोन भावांचं. त्यात मोठा भाऊ खाटेशी उभा राहून असा काही बोलला की धाकटा ऐकूनच मेला असता. मी पहिल्या रांगेत होते. उठून गेले.

पुढे काही वर्षांनी लेखक स्वतः गेला. सकाळी चप्पल घालता घालता खाली बसला, झालं. संवाद नाही, काही नाही. शोकसभेत मात्र नटमंडळींनी माइक सोडला नाही. एकानं तर बंधुराज म्हणून हंबरडा फोडला, तोही सुरात.

मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको अंगणात बसली होती. माझ्या तोंडाला कधी कुलूप नसतं, हे तिला ठाऊक. "बोला न मावशी काही," ती म्हणाली. तिनं पाणी दिलं. मी प्यायले, आणि मान खाली घालून तिच्याजवळ बसून राहिले.