गालात दाबलेली गोळी

माझ्या थोरल्या जावेला अख्खा शिलाई विभाग ‘कात्री’ म्हणतो. धागा तोडायला ती हत्यार शोधत बसत नाही, पुढच्या दातांनी कट्कन तोडते, आणि समोरच्याचं बोलणंही तसंच मध्येच तोडते. घरी आम्ही दोघी रोज भांडतो. पण बाहेरच्या कुणी तिला वाकडा शब्द बोलून बघावं, मग मी आहे आणि तो आहे!

आम्ही शर्टाच्या कॉलरी शिवतो. मशिनी एकमेकींना खेटून, पाण्याचा कूलर पार टोकाला, आणि उठायचं तर शाळेतल्या पोरींसारखा हात वर करायचा. सुपरवायझरने मान हलवली तरच उठायचं. आणि अर्जंट ऑर्डर आल्यापासून त्याची मान काही हलेना. पुढे पुढे तर तोंडाच्या एकाच बाजूने पुटपुटायचा, “नंतर, नंतर.” आम्ही म्हणायचो, मेल्याला काय शिष्टपणा चढलाय, धड तोंड उघडायचेही कष्ट नकोत.

डोकं सगळ्यांचंच ठणकायचं. त्यावर तोडगा काढला तो कात्रीनेच. डोकेदुखीची गोळी गिळायला पाणी लागतं, पाण्यासाठी उठावं लागतं, मग गिळायची कशाला? दात आणि गाल यांच्यामध्ये दाबून ठेवायची. विरघळते आपोआप, मशीनही थांबत नाही. बघता बघता सगळी लाइन गालात गोळी धरून शिवायला लागली. आम्हाला वाटलं, काय डोकं चालवलंय बाईने! तिचा तर पुढचा दातही दुखत होता, झोपेत दात करकरा खायची, त्यामुळे ती गोळी वरच्या ओठाखाली थेट हिरडीवरच ठेवायची.

एका सकाळी तिने धागा तोडला आणि पांढऱ्याशुभ्र कॉलरवर रक्ताचा ठिपका उमटला. सुपरवायझरने ती कॉलर उचलून रद्दच्या पेटीत टाकली. “तोंड सांभाळा,” एवढंच म्हणाला. कात्री गप्प बसली. ती गप्प बसली म्हणून मी घाबरले, आणि सुटी झाल्यावर तिला ओढतच दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर आमच्या धाकट्या नणंदेच्या वयाची. तिने ओठ वर केला तर हिरडीवर सायीसारखा पांढरा पापुद्रा. कापसाने नुसता पुसला, तर तो सुटून आला आणि खाली लालभडक मांस दिसलं.

“ही मेलेली हिरडी आहे,” डॉक्टर म्हणाली. “गोळी पोटात जायला बनवलेली असते. हिरडीवर ठेवली की तिच्यातलं आम्ल तिथल्या पेशी भाजून काढतं. त्या फुटतात आणि आजूबाजूलाही आग लावतात. पण दातांच्या मधले हिरडीचे हे कोपरे झिजलेत ना, ते एकट्या गोळीचं काम नाही. झोपता का नीट?”

“झोप कुठल्या दुकानात मिळते?” कात्रीने विचारलं.

“तेच तर. सतत ताणात राहिलं की शरीराची लढायची ताकद जाते, तोंडातले जंतू माजतात. आणि प्रत्येक पेशीत स्वतःला बंद करायची सोय असते. मारा फार झाला की काही पेशी आपल्या आपणच मरतात.”

कात्री खुर्चीत ताडकन उठून बसली. “आपल्या आपण? मला न विचारता?”

डॉक्टरला हसू आलं, पण पुढचं तिने हसत सांगितलं नाही. “गेलेले कोपरे बहुतेक परत येणार नाहीत. दात हलतोय. गोळी बंद करा, उपचार घ्या, पाणी प्या, झोपा, जिवाला जरा मोकळं सोडा. तर दात वाचेल. असंच चालू ठेवलंत, तर तो जाईल.”

रस्त्यात ती रडली. “मी सगळ्यांना शिकवलं गं,” म्हणाली. तिला रडताना मी कधीच बघितलं नव्हतं. मला त्या ऑर्डरचा, त्या कूलरचा, सगळ्याचा असा राग आला की बोलायची सोय नाही. मग तिनेच पदराने नाक पुसलं. “माझ्या तोंडात मरण चाललंय आणि मी कॉलरी शिवतेय? चुलीत गेली ती ऑर्डर!”

दुसऱ्या दिवशी मशीनवर बसायच्या आधीच तिने लाइनीला दम भरला, “थुंका गं त्या गोळ्या!” मग काम सुरू झाल्यावर रीतसर हात वर केला.

“नंतर,” सुपरवायझर पुटपुटला.

कात्रीने मशीन बंद केलं आणि उभी राहिली. तो तरातरा आला. “बसा खाली.”

तिने दोन बोटांनी ओठ वर केला. “हे बघा. नजर काय चुकवताय, बघा ना! हे मेलंय. हे गेलं ते गेलं. पण हा दात मी तुमच्या ऑर्डरला देणार नाही.”

“अहो, मलाही वरून बोलणी बसतात...” तो त्याच एका बाजूने बोलला. कात्री त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरी पूड दिसत होती.

“आ करा,” ती म्हणाली.

“काय?”

“आ करा म्हणते ना!”

काय झालं कोण जाणे, त्या माणसाने आ केला. गालात अर्धी विरघळलेली गोळी होती, आणि आतली कातडी पांढरीफटक पडली होती. शिष्टपणा कसला, कर्माचा! आमचीच युक्ती त्याने उचलली होती.

“थुंका,” कात्री म्हणाली. “लाज कसली त्यात? मीही हेच करत होते.”

त्याने मॅनेजरच्या काचेच्या केबिनकडे एकदा बघितलं आणि गोळी तळहातावर थुंकली. कात्री कूलरकडे चालू लागली. बाकीच्या बसूनच होत्या, घाबरट कुठल्या! मी उठले, माझ्या मागून शेजारची उठली, मग खुर्च्या सरकायलाच लागल्या. सुपरवायझर रांगेत सगळ्यात शेवटी येऊन उभा राहिला.

ऑर्डर उशिरा गेली. मॅनेजर आमच्यावर ओरडला, सुपरवायझरवर त्याहून जास्त ओरडला. तरी आता पाण्यासाठी कुणी हात वर करत नाही. तशी परवानगी कुणी दिलेली नाही, आम्हीच विचारायचं सोडलं.

कात्रीच्या गळ्यात आता दोरीला बांधलेली खरी कात्री असते. हिरडीत काळी फट कायमची राहिली, पण दात वाचला. परवा सगळ्या लाइनीचा फोटो काढताना मी कानात म्हटलं, “ताई, ओठ मिटा जरा, फट दिसतेय.”

“दिसू दे की,” ती म्हणाली, आणि सगळे दात दाखवून हसली.