एकशेवीस नंबरचं पिस्तूल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवापुढेही मोठ्यानं नाही. माझ्या हातून जन्मात कधी शस्त्र चाललं नाही, कुणाच्या रक्ताचा थेंब मी सांडला नाही. गंगेत उभा राहून तशी शपथ घेईन, आणि ती शपथ खोटी ठरणार नाही. मी फक्त एक आकडा वाचून दाखवला होता.

सुरुवात कुठून करू? कापसापासूनच करतो. त्या दिवसांत आमच्याकडे सगळ्याची सुरुवात तिथूनच होत असे.

अमेरिकेत आपापसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला अचानक कंठ फुटला. पैसा आला म्हणजे माणसाला काय काय लागतं, हे मी त्या तीन-चार वर्षांत अमरावतीत बसून पाहिलं. एका पाटलानं गवती छपराच्या घरात झुंबर टांगलं, आणि ते पेटवायची त्याची छाती कधी झाली नाही. दुसऱ्यानं नजर शाबूत असताना सोन्याच्या काड्यांचा चष्मा घेतला. तो लावला की त्याला पायरी दिसत नसे. मी हे बघून हसायचो. मनात नव्हे, चारचौघांत. लोकांनाही माझं हसणं आवडायचं — शिकलेल्या माणसाचं हसणं ना ते! माझ्याकडे झुंबर नव्हतं. माझ्याकडे इंग्रजी होतं. नागपूरला पाद्र्यांच्या शाळेत अडीच वर्षं काढली होती, आणि त्या अडीच वर्षांच्या जोरावर मी बाजारात सर्वज्ञ ठरलो होतो. साहेबांची पत्रं मी वाचायचो, अर्ज मी लिहायचो, वर्तमानपत्रातल्या बातम्या मी सांगायचो. न समजलेलं वाक्य आलं की मी थोडा थांबायचो, मान हलवायचो आणि पुढे जायचो. मान हलवणं महत्त्वाचं. लोक तेवढंच बघतात.

मी काशीराव पाटलांकडे कामाला होतो. मूळ भातकुलीचे, कुणबी, स्वतःची जमीन असलेले, पण तेजीत अमरावतीला येऊन कापसाची दलाली करू लागले. अक्षरओळख नव्हती. त्यांना तिची गरजही नव्हती, कारण दलालाची विद्या बोटांत असते. सौदा कसा व्हायचा, ते सांगतो. विकणारा आणि घेणारा गुडघ्याला गुडघा लावून बसायचे, हातांवर रुमाल टाकायचे, आणि त्या रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. एक बोट धरलं तर एक अर्थ, तीन धरली तर दुसरा, पंजा धरला तर तिसरा. तोंडानं दोघं पाऊसपाण्याच्या गप्पा मारत असायचे. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळायचा. काशीरावांचा उजवा हात रुमालाखाली गेला की समोरचा व्यापारी सावध बसायचा. असा हात मी पुन्हा पाहिला नाही.

विक्री अकोल्यात झाली की चांदीचे रुपये घेऊन रेंगीनं — म्हणजे आमच्याकडच्या हलक्या बैलगाडीनं — अमरावतीला यावं लागे. आगगाडी तेव्हा आमच्यापर्यंत पोचली नव्हती. वाटेत लूटमार होई. म्हणून काशीरावांनी पिस्तूल घ्यायचं ठरवलं. परवान्याचा अर्ज अर्थातच मी लिहिला, आणि त्यात विनंतीचे शब्द इतके घातले की पिस्तुलासाठी जागा कशीबशी उरली.

त्यांची अट एकच होती. ते लपलं पाहिजे.

“दिसाले नाई पायजे, पंतोजी,” ते म्हणाले. “दिसलं तं लोक म्हन्तीन, पाटील भेला. अन् सौद्याले बसलो त समोरच्याच्या मांडीले टोचाले नाई पायजे.”

मुंबईच्या एका दुकानाची छापील यादी मी मिळवली. त्यात आखूड नळीची दुनळी पिस्तुलं होती, कमरेच्या शेल्यात मावतील अशी. दिसायला एकच चित्र, किंमत एकच, आकडे मात्र तीन — चोपन्न, ऐंशी, एकशेवीस. आकडा गोळीच्या मापाचा आहे, एवढं यादीत लिहिलं होतं. कसलं माप, ते लिहिलं नव्हतं. ज्याला पिस्तूल कळतं त्याला ते सांगावं लागत नाही, आणि ज्याला कळत नाही त्यानं विचारावं. मी विचारलं का?

काशीरावांनी मला विचारलं. “ह्या तिघाईत मोठी गोयी कोनती जी?”

“एकशेवीस.” मी थांबलोसुद्धा नाही. मान हलवली.

ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, “पन सुताचं तं उलटं असते ना? इलायती सूत वीस नंबरचं जाडंभरडं, अन् साठ नंबरचं बारीक. ह्याचं बी तसंच तं नसन?”

इथे थोडं थांबतो — कारण माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्यासमोर इतकं शहाणं वाक्य फार कमी वेळा बोललं गेलं आहे. बाजारातल्या प्रत्येक कोष्ट्याला जे ठाऊक होतं, त्यावरून या निरक्षर माणसानं विलायतेतल्या बंदूकवाल्याचा हिशेब ओळखला होता. आणि मी काय केलं? मी हसलो. “काशीराव, लोखंड ते लोखंड आणि सूत ते सूत. तुम्हाला जिकडेतिकडे कापूसच दिसतो.” बसलेली चार माणसंही हसली. काशीरावही हसले.

“तुमी शिकेल मानूस,” ते म्हणाले. “तुमी म्हन्ता तं असन.”

पिस्तूल आलं. सुबक होतं, मुठीवर वेलबुट्टी. काशीरावांनी नळीचं तोंड निरखलं, गोळी तळहातावर घेतली. वाटाण्याएवढी. माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, इंग्रजांची युक्ती आहे, गोळी दिसायला लहान, पण जोर फार. हे वाक्य मी कुठे वाचलं होतं? कुठेही नाही. ते मला त्याच क्षणी सुचलं. खोटं बोलायला मला विचार करावा लागला नाही, हे लिहितानाही लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, हे अज्ञान झालं. फुशारकी झाली. हो. इथपर्यंत.

दीड महिन्यानं मी पिस्तुलाच्या टोप्या — चाप ओढला की ठिणगी पाडून दारू पेटवतात त्या — आणायला कॅम्पात, म्हणजे साहेबांच्या वस्तीत, गेलो. तिथे एका पारशाचं दुकान होतं. साहेब लोकांना लागणारं सगळं तो ठेवायचा. मी ऐटीत सांगितलं, एकशेवीस नंबरच्या पिस्तुलासाठी हव्यात. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“एकशेवीस? पाटीलसाठी? अरे बाबा, ते तर मडमलोकांच्या पाकिटातलं!” मग बोटांनी मोजल्यासारखं करत त्यानं समजावलं. एक रतल, म्हणजे पौंडभर, शिशातून जेवढ्या गोळ्या पडतात, तो नंबर. चोपन्न पडल्या तर गोळी जाड, एकशेवीस पडल्या तर चिमुकली. “घेऊन ये ना. चोपन्नचं आहे माझ्याकडे, एवढंच आखूड. बदलून देतो. पाटील जुना गिऱ्हाईक हाय.”

बघा — सगळं इतकं सोपं होतं. अंतर दीड कोसाचं. मला फक्त काशीरावांकडे जाऊन म्हणायचं होतं, की तुमचं सुताचं बरोबर होतं. चार शब्द. रागावले असते का ते? मुळीच नाही. हसले असते. बाजारात सांगत सुटले असते — पंतोजीले मीनं हिसाब शिकवला म्हना! आणि तेच मला नको होतं. त्या झुंबरवाल्या पाटलानं मला हसावं? चष्मेवाल्यानं? मी टोप्यांची डबी घेतली, आणि परत येऊन काशीरावांना सांगितलं, की कॅम्पातल्या शेठनं आपल्या पिस्तुलाची फार तारीफ केली.

ते खूश झाले. त्यांनी मला खव्याचे पेढे दिले. मी खाल्ले.

पुढे अडीच महिने गेले. रोज त्यांच्या शेल्याखालचा तो फुगवटा मला दिसायचा. रोज वाटायचं, आज सांगू. खरंच वाटायचं का? की वाटायचं असं आता वाटतं? मला नक्की सांगता येत नाही.

पौषातली सकाळ. अकोल्याहून परतताना आम्ही मूर्तिजापूरला मुक्काम केला होता, आणि उजाडल्यावर निघालो होतो. नाल्याच्या उताराशी धुकं होतं. रेंगीत काशीराव पुढे, मी मागे, मध्ये रुपयांची थैली. बैल थबकले. तीन माणसं समोर उभी राहिली. गाडीवान उडी टाकून पळाला. मी घोंगडीखाली गेलो — हेही सांगून टाकतो. पण घोंगडीला भोक होतं, आणि मी पाहिलं.

काशीराव खाली उतरले. एक जण कुऱ्हाड घेऊन पुढे आला. अंगात जाड, रुई भरलेली बंडी. त्या वर्षी रुईचा भाव असा होता, की ती बंडीही चोरीचीच असणार. काशीरावांनी शेल्यातून पिस्तूल काढलं, नीट त्याच्या छातीवर रोखलं आणि चार हातांवरून चाप ओढला. नेम चुकला नाही. तो माणूस एक पाऊल मागे गेला. त्यानं खाली पाहिलं. बंडीला भोक पडलं होतं, रुई धुमसत होती. त्यानं ती तळहातानं थापटून विझवली.

मग तो पुढे आला. काशीरावांनी दुसरा चाप ओढला. धुक्यानं टोपी सर्दावली होती, नुसता खट्ट आवाज झाला. कुऱ्हाड वर गेली. काशीरावांनी हात आडवा घातला, तोच, पिस्तूल धरलेला उजवा. तीन बोटं तिथेच, नाल्याच्या वाळूत पडली.

थैली घेऊन ते गेले. मी बाहेर आलो, उपरणं फाडून हात बांधला, बैल हाकत त्यांना अमरावतीला आणलं. त्याबद्दल काशीरावांच्या बायकोनं, भागाबाईंनी, माझ्या पायांवर डोकं ठेवलं. “भाऊजी, तुमी होते म्हून हे घरी आले.” मी “असू द्या, असू द्या” म्हणालो. असू द्या!

चोपन्नची गोळी त्या रुईतून पार गेली असती का? तुम्ही विचारायच्या आत मीच विचारतो, कारण हा प्रश्न मी वर्षानुवर्षं स्वतःपुढे नैवेद्यासारखा ठेवला आहे. कदाचित नसती गेली. पण दीड कोसाच्या अंतरावर ती मिळत होती, आणि ते एका माणसाला ठाऊक होतं.

जखम भरल्यावर काशीराव पुन्हा सौद्याला बसले. मी शेजारी दौत-लेखणी घेऊन होतो. रुमाल टाकला. हात आत गेला. समोरच्या व्यापाऱ्याचा चेहरा बदलला आणि त्याचा हात चटका बसल्यासारखा रुमालाबाहेर आला. अंगठा आणि एक बोट एवढ्यावर भाव सांगता येत नाही. काशीरावांनी डावा हात पुढे केला. डाव्या हातानं सौदा कुणी करत नाही — तसा रिवाजच नाही. व्यापारी हात जोडून उठला. काशीराव रुमालाची घडी घालत राहिले. एका हातानं घडी नीट बसेना. मी मदत केली नाही; मी वहीत बघत होतो. वहीत काही नव्हतं.

ते भातकुलीला परतले. पुढे अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळला, झुंबरवाल्यांचे वाडे विकायला निघाले. मी सरकारी शाळेत मास्तर झालो. सुट्टीत भातकुलीला जायचो. काशीराव आल्यागेल्याला ती हकीकत सांगायचे, माझ्यासमोर. “सगळ्यात मोठी गोयी होती जी. पंतोजीनं सोता निवडून देल्ली. त्यायच्याकडून काई कमी नाई झालं. माह्या नशिबातच नव्हतं.” पाहुणे माझ्याकडे आदरानं बघायचे. मी मान हलवायचो.

एकदा, फक्त एकदा, दुपारी आम्ही दोघेच गोठ्याच्या सावलीत होतो. मी म्हणालो, “काशीराव, त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं आहे —”

त्यांनी पुढे बोलू दिलं नाही. उरलेली दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली. “तुमी घोंगडीत लपले होते, तेच ना? मले ठाऊक हाय. मनाले लावून घेऊ नका, पंतोजी. म्याही लपलो असतो.”

ती माफी मी घेतली. दुसऱ्याच गुन्ह्याची होती, तरी घेतली. आणि त्यांनी मागवलेलं ताक प्यायलो.

पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. मी दहाव्याला जाऊ शकलो नाही, कारण त्या दिवशी शाळेची तपासणी होती. साहेबानं माझ्या वर्गाला व्यस्त त्रैराशिकाची गणितं घातली — एक आकडा वाढला की दुसरा घटतो, त्या जातीची. सगळ्या मुलांची उत्तरं बरोबर आली. साहेबानं शेरा लिहिला, की हा भाग हे मास्तर विशेष चांगला शिकवतात.