शून्य काम आणि एक दोर

ओल्या नायलॉनच्या दोराचा शेवाळी वास आला की मला खुटबावची ती दुपार आठवते. मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्या रविवारी सासुरवाडीत जेवता जेवता मेव्हण्याच्या मुलीला सांगत होतो, की कितीही जोर लावला तरी वस्तू हलली नाही तर भौतिकशास्त्रात काम शून्य. सासरे ताक पीत ऐकत होते. जेवणानंतर बोअरमधली बिघडलेली मोटार काढायला त्यांनी मलाच नेलं. क्रेन बोलवायची सोडून जावयाला जुंपायचं, ही त्यांची पद्धत. मोटार निम्म्यावर आली आणि तिचा पाइप निसटला. सगळा भार आमच्या दोघांच्या हातातल्या दोरावर आला. वर ओढवेना, खाली सोडवेना, बांधायला जवळ झाडही नव्हतं. सोबत आलेल्या सासूबाई ट्रॅक्टर आणायला वस्तीकडं पळाल्या. ऊन टाळूवर, दोर तळव्यात रुतलेला, नाकावरची माशीसुद्धा हाकलता येईना. बऱ्याच वेळानं सासरे दात आवळून म्हणाले, "जावईबापू, मघाधरनं आपलं काम किती झालं म्हनायचं?" मला त्याही अवस्थेत बरोबर असायची खोड. म्हणालो, "शून्य." "व्हय? मग द्या की सोडून." ट्रॅक्टरचा आवाज येईपर्यंत मी दोर आणखी घट्ट आवळून धरला. आजही वर्गात कुणी ‘शून्य’ असं उत्तर दिलं की मी पूर्ण गुण देतो, आणि हात पाठीमागं नेऊन तळवे चोळत राहतो.