कागदाची पॉपी

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेत आम्हाला राहून सहा वर्षं झाल्यावर, ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात आबा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे आले. मेमोरियल डेच्या, म्हणजे इथल्या शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, आधीच्या शनिवारी त्यांना आणि माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन मी ग्रोसरीला गेले. दाराशी लष्करी टोपी घातलेला एक म्हातारा अमेरिकन येणाऱ्या-जाणाऱ्यांना लाल कागदी फुलं लावत होता.

"हे काय गं?" आबांनी विचारलं.

"पॉपी. लढाईत गेलेल्या सैनिकांसाठी लावतात. चला लवकर."

आबा हलले नाहीत. ताठ उभे राहून त्याला म्हणाले, "मी ऑल्सो सोल्जर. इटली."

"इंडियन्स? इटलीत?" तो हसला. हसण्यात वाईटपणा नव्हता, पण विश्वासही नव्हता. त्यानं फूल माझ्या लेकीच्या फ्रॉकला लावलं आणि तिचा गाल थोपटला.

आबा माझ्याकडे वळले. "सांग की त्याला. नदीच्या अल्याड आमची मराठा पलटण होती. माझ्या गावचे तिघं तिथंच राहिले."

कोणती नदी? मला ठाऊक नव्हतं. मी इंग्रजीत काहीतरी चाचरत बोलले, तोवर तो पुढच्या बाईकडे वळला होता.

"मॉम, लेट्स गो," लेक पुटपुटली. "एव्हरीबडी इज लुकिंग."

गाडीत मी लेकीवर ओरडले. मग आबांवरही. "आम्हाला कधी बोलला होतात का यातलं?"

"तुझ्या आईला सांगायचो. ती रडायची. मग सोडून दिलं."

माझा राग तसाच अडकून राहिला.

सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी लायब्ररीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीत झालेल्या लढाईवरचं जाडजूड पुस्तक आणलं. त्यात हिंदी सैनिकांवर जेमतेम दीड ओळ होती. पुस्तकातल्या नकाशावर नदी शोधत आबांचं बोट बराच वेळ फिरलं. "पाणी लई गार होतं," एवढंच ते म्हणाले.

त्या दीड ओळीची झेरॉक्स त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याला दाखवायला घेऊन शनिवारी मी एकटीच दुकानात गेले. दाराशी आता कोळशाच्या शेगड्यांचा सेल लागला होता.

"ते पॉपीवाले?" काउंटरवरची मुलगी म्हणाली. "ते आता पुढच्या मेमध्ये येतील."

आबांचं परतीचं तिकीट जुलैचं होतं.