परवाच शिकलेल्याला विचार

कळंब्याच्या आमच्या कॉलनीत बोलवा होती, की बाग चालवणाऱ्या सरुबाईंना मेथी आणि गवत यातला फरक कळत नाही. मी ती सरुबाईंच्याच आवाजाची नक्कल करत घरोघर ऐकवून आले होते.

ती साफ खोटी. शाळेत शिपाई असताना तिथली परसबाग त्यांनीच फुलवलेली. फक्त त्या कुणाला शिकवायच्या नाहीत.

मोकळ्या प्लॉटवरची ही बाग रविवारी जमेल त्यानं येऊन करायची. लोक हौसेनं यायचे आणि दोन रविवारी फोटो काढून गायब व्हायचे. माणसं टिकली नाहीत तर तिथं पार्किंग करायचं, असं मीटिंगमध्ये ठरलेलं. सरुबाईंच्या जिवाला तोच घोर.

बँकेतल्या अवंतिकाताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मावशी, वांग्याची रोपं किती अंतरावर लावायची?"

"मला काय इचारताय? त्या संघर्षला इचारा की. परवाच शिकलाय, अजून ताजं हाय त्याचं."

कॉलेजातल्या संघर्षला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. गडी असा फुलला! ताईंचा एक रविवार चुकला तर ह्याचा फोन: "ताई, तुमची वांगी वाळाय लागल्यात की!" पुढं आकारामकाका आले, तर सरुबाईंनी त्यांना धाडलं अवंतिकाताईंकडं. काका रिटायर्ड फौजदार. पण ताई दिसल्या की मोडलेलं रोप पाठीमागं लपवायचे.

काय रविवार होते ते! चहाच्या किटलीभोवती मी एकेकाचा आवाज काढायचे आणि सरुबाई पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "गप ए भवाने, पोट दुखाय लागलं."

मग एक दिवस म्हणाल्या, "मी चाललो गारगोटीला, लेकीकडं. आता तिकडंच."

मी बोललेच, "तुम्ही गेलासा की दिवाळीपर्यंत बाग संपली. लावा पैज."

"लाव की. हरलीस तर हितली वांगी घिऊन गारगोटीला यायचं. एस्टीनं."

"आणि तुम्ही हरलासा तर?"

"मी कशाला हरतोय?"

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतरच्या एस्टीत मी मांडीवर जड पिशवी घेऊन बसले होते.

दारातच सरुबाईंनी विचारलं, "येत्यात का समदी?"

"येत्यात की. आकारामकाकांच्या हाताखाली दोघं नवीन हायत."

"माझी आठवण काढत्यात?"

"चहाला काढत्यात. वाफ्यात अडलं की न्हाय काढत. एकमेकाला इचारत्यात."

सरुबाई कितीतरी वेळ हसत राहिल्या. मग डोळे पुसून हात पुढं केला, "मग आण हिकडं वांगी."