रेणुकाच्या आईनं विचारलं तवा

हे कुणालाच म्हाईत न्हाई. माझ्या आईला न्हाई, रूमवरच्या मैत्रिणींना न्हाई, आन् जिला म्हाईत असायला पायजे तिला तर अजिबातच न्हाई. टाइप करायलेय, खोडायलेय, परत टाइप करायलेय. आता खोडणार न्हाई. चुका ऱ्हाईल्या तर ऱ्हाऊ दे, तसंच वाच.

आधी मी काय शिकले ते सांगते, न्हाई तर पुढचं कळायचं न्हाई. गुलबर्ग्याला युनिव्हर्सिटीत किनेसिऑलॉजी. म्हंजे माणूस हालतो कसा, हाडं, सांधे, स्नायू, कुणी किती पळावं, काय खावं. पुढं जिममध्ये, खेळाडूंच्या तयारीला, असल्या नोकऱ्या मिळतात. आमच्या राजेश्वर गावात ते नाव कुणाला घेताच येईना. अप्पा म्हणायचे, "पळायचं शिकायला कालेज कशाला? कुत्रं मागं लागलं की आपोआप येतंय." सगळे हसायचे, मीबी हसायचे. पण मला येड्यासारखं आवडायचं ते. रस्त्यानं कुणी लंगडत चाललं तरी मी मागून बघायची — दुखणं गुडघ्यात हाय का कमरेत?

शेवटच्या वर्षाला एक काम असतंय. कॉलेजच्या बाहेरचं एक माणूस निवडायचं, त्याला व्यायाम आन् खाणं ठरवून द्यायचं, काही महिन्यांनी सगळ्यांसमोर दाखवायचं — बघा, हे असं होतं, आता असं झालं. त्यासाठी मी गावातच येऊन ऱ्हाईले. आन् रेणुकाला निवडलं.

रेणुका आमच्या गावची, एकोणीसची, डिग्रीच्या पहिल्या वर्षाला. तीन हजार मीटर पळायची. तिच्या बापानं सरळ सांगितलं होतं, खेळातून निवड होऊन गुलबर्ग्याचं हॉस्टेल मिळालं तर जा, शीक. न्हाई मिळालं तर उन्हाळ्यात लगीन. म्हणून तिला ती निवड पायजेच होती. आन् मला? मला ती चमकायला पायजे होती, पण माझ्यामुळं चमकली असं दिसायला पायजे होतं. ह्या दोन गोष्टी येगळ्या हायत, हे मला तवा कळलं न्हाई. का कळलं होतं?

मी तिचं वजन उतरवायचं ठरवलं. अंग हलकं, पाय जोरात — इतकं सोपं वाटलं. ती काय जाड होती? न्हाई की. शेतात राबणारी काटक पोरगी. तरी मी तिच्या भाकरी अर्ध्यावर आणल्या, भात बंद, शेंगाची चटणी बंद, तेल बंद. सणाला घरात शेंगाची होळगी, म्हंजे गोड पोळी, केली तर ही ताटावरनं उठायची. आन् सकाळ-संध्याकाळ पळवणं चालूच. ती सगळं करायची. कामून? मी सांगितलं होतं म्हणून. अक्का युनिव्हर्सिटीत शिकायलीय, तिला म्हाईत असंल की.

आन् खरंच ती तीन हजार मीटर कमी वेळात पळायला लागली. कॉलेजच्या मॅडमनी वर्गात माझं नाव घेतलं. माझे पाय जमिनीवर न्हवते.

मंग एका सकाळी ग्राउंडवर, बुटाची नाडी बांधत बांधत, खाली बघूनच ती म्हणाली, "अक्का, लई दिस झाले. मी बाजूला बसलेच न्हाई."

इथं थांबून एक सांगायला पायजे. आम्ही बौद्ध. आमच्या घरी पाळी आली म्हणून कुणी कुठं बसत न्हाई, आईनं ते कधी पाळलंच न्हाई. रेणुकाच्या घरी पाळतात. ओसरीच्या कोपऱ्यात येगळी सतरंजी, येगळं ताट, चार दिस कशाला हात लावायचा न्हाई. म्हंजे घरात कोण कधी बसलं ते सगळ्यांना दिसतंय. आन् कोण बसलं न्हाई — तेबी.

आता ऐक. मला म्हाईत होतं. पोरी कमी खाऊन जास्त पळाल्या की अंग पाळी बंद करतंय, पुढं हाडं ठिसूळ व्हत्यात. असं दिसलं की पहिलं खाणं वाढवा, पळणं थांबवा, डॉक्टरला दाखवा. हे मॅडमनी शिकवलेलं. परीक्षेत मी ह्याच्यावर पानभर लिहिलेलं. आन् माझ्यासमोर ती पोरगी खाली बघत बसली होती तर मी काय म्हणाले? "चांगलंच हाय की. मोठ्या मोठ्या खेळाडूंचं असंच असतंय. अंग तयार व्हायलंय."

कारण खाणं वाढवलं की वजन वाढणार. आन् माझं प्रेझेंटेशन तोंडावर आलं होतं.

"मंग आईला काय सांगू? ती नुसती बघायलीय माझ्याकडं."

आन् मी — हसत, खरंच हसत, लई हुशारी केल्यासारखं — म्हणाले, "अगं, बस की चार दिस खोटंच बाजूला. कोण तपासायलंय?"

ती बसली. मी सांगितलं म्हणून चार दिस कोपऱ्यात बसायला गेली. दुसऱ्याच दिवशी आईनं ओळखलं. आई ती, घरातलं सगळं धुणं-पाणी तिच्याच हातात, तिला कळणार न्हाई? पाळी आली न्हाई हे तिनं एकवेळ अशक्तपणावर ढकललं असतं. पण पोरगी आल्याचं नाटक करायलीय — मंग आईनं काय समजायचं?

तिनं मला बोलावून घेतलं. दुपार होती, काकू परसात तूर निवडायली होती. आतल्या खोलीचं दार लावलेलं, रेणुका आत. काकू सुपातनं वर न बघता म्हणाली, "पहाटं तूच असतीस तिच्यासंगट. तुझ्यापासनं लपलंय व्हय काय? खरं सांग बाई. कोण हाय तो?"

एक वाक्य होतं. काकू, कुणीबी न्हाई, मी तिचं खाणं तोडलं म्हणून झालंय. बस, एवढंच. आतनं रेणुकालाबी ऐकू गेलं असतं.

मी हळूच, आत ऐकू जाणार न्हाई इतकं हळू म्हणाले, "मला म्हाईत न्हाई, काकू."

बघ हे वाक्य. "कुणी न्हाई" असं न्हवे. "मला म्हाईत न्हाई." म्हंजे असंल कुणीतरी, मला सांगितलं न्हाई. काकूचा हात सुपात तसाच ऱ्हाईला. मंग ती उठली, तिनं मला चहा करून दिला. मी पिले.

कधी कधी मी मनाला सांगते, त्यांच्या घरात आमचं कोण ऐकलं असतं? खोटं हाय. ती बाई माझंच ऐकायला बसली होती. माझ्या तोंडून "कुणी न्हाई" एवढंच ऐकायचं होतं तिला.

हुमनाबादला डॉक्टरकडं नेलं. तसलं काही न्हवतं. अंगात रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या. पण मंग नाटक कामून केलंस, आई विचारायची. ह्याचं उत्तर मी होते, आन् रेणुकानं माझं नाव घेतलं न्हाई. पळणं बंद झालं. निवडीच्या दिवशी ती घरात होती. मी गुलबर्ग्यात तिचा ग्राफ दाखवायले होते. टाळ्या पडल्या. एकानं विचारलं, ती मुलगी आली न्हाई का? मी म्हणाले, तिच्या घरी लग्नाची गडबड हाय. ते तेवढं खरं होतं.

करजगीला दिली तिला. घरी बसून पोटभर जेवायला लागली तशी लग्नाआधीच पाळी आली. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या, आन् पुढची पाळी नेमकी हळदीवर यायली म्हणून ती पुढं ढकलायच्या गोळ्या आणल्या. मी त्याबी गप बघितल्या.

आता मी गुलबर्ग्याच्या एका जिममध्ये शिकवते. बाया वजन उतरवायला येतात, मी पहिलं पाळीचं विचारते. त्या म्हणतात, मॅडम लई काळजीनं विचारतात. पाठीमागं पळायच्या मशीनच्या पट्ट्यावर एखादी हलक्या पायाची पोरगी पळायला लागली की मी वळून बघत न्हाई. पावलांचा आवाज तोच असतोय, रेणुकाचा. मशीन बंद झालं तरी मला तो ऐकू यायला लागतोय.

दिवाळीत रेणुका माहेरी आली होती. कडेवर पोरगी. रस्त्यातच माझा हात धरला, किती वाळलीस म्हणाली — मलाच. मंग जरा इकडं तिकडं बघून म्हणाली, "अक्का, तू तवा आईला लई समजावलं असशील. मला आतनं ऐकूच आलं न्हाई. पण ती कुणाचं ऐकती व्हय?"

मी म्हणाले, व्हय गं. लई समजावलं.

तिनं माझा हात दाबला.