भिंतीवरचा तेलाचा डाग

नाताळ तोंडावर आला म्हणून घराला रंग काढायला घेतला, तेव्हा रंगारी भिंतीवरच्या एका गोल डागापाशी थबकला. "इथे कोण डोकं टेकून बसतं, साहेब? तेल पार आत मुरलंय."

"ती ह्यांची प्रार्थनेची जागा," बायको म्हणाली.

मला त्या डागाचं कुतूहलच वाटू लागलं. रोज संध्याकाळी कुटुंबप्रार्थनेला मी तिथे टेकतो, भक्तिभावाने डोळे मिटतो आणि थेट 'आमेन'ला जागा होतो. बायको समोर गुडघे टेकते; तिथे सतरंजी विरलीय. म्हणजे नेम दोघांनीही पाळला. मग देव माझ्या झोपेलाही चिकाटी म्हणत असेल का?

रंगाचे दोन हात देऊनही डाग वर आलाच. बायकोने तिथे कपाट सरकवलं. त्या संध्याकाळी टेकायला काही नव्हतं, म्हणून मीही गुडघ्यांवर बसलो आणि लग्नानंतर प्रथमच तिची प्रार्थना शेवटपर्यंत ऐकली. शेवटचं वाक्य ती रोजचं पाठ असल्यासारखं म्हणाली, "आणि प्रभू, ह्यांना आज तरी जागं ठेव."

"आमेन," मी म्हणालो.

तिने दचकून डोळे उघडले.